मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली

(दृश्य : फ्लॅटचा करारनामा. पानं उलटत शेवटच्या परिशिष्टावर थांबतो.)

गोरेगावात पस्तिसाव्या मजल्यावर घर घ्या. करारनाम्याच्या शेवटी मिळकतीचं वर्णन असं सुरू होतं : मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर. मौजे म्हणजे गाव. शेतं गेली, बांध गेले, पण महसुली दप्तरात गाव शाबूत आहे. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात साडेत्र्याण्णव लाख माणसं मोजली गेली, मुंबई शहर जिल्ह्याच्या तिप्पट. तरी अंधेरीचा माणूस चर्चगेटला निघाला की म्हणतो, ‘टाउनला जाऊन येतो.’

(दृश्य : नकाशा. चारही बाजूंचं पाणी निळं होत जातं.)

हे साष्टी बेट. सहासष्ट गावांवरून हे नाव पडलं, असं मानतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. बेट एकच, महापालिका तीन. उत्तरेकडचा तुकडा ठाणे आणि मीरा-भाईंदरकडे आहे. उपनगर जिल्हा दहिसर आणि मुलुंडला संपतो. माहीमची खाडी ओलांडायला 1845 पर्यंत होडीच होती. मग कॉजवे झाला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि अट घातली, येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. तशी अट घालणारं पुढे कुणी भेटलं नाही.

बेटाच्या मधोमध डोंगर आहेत आणि डोंगरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. रेल्वे त्याच्या दोन्ही अंगांनी गेली : पूर्वेला मध्य, पश्चिमेला पश्चिम. त्यामुळे बोरिवलीहून दादर सोपं, बोरिवलीहून मुलुंड अवघड. मध्ये जंगल, म्हणून एकतर घोडबंदरवरून वळसा घ्या, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर क्लच दाबत बसा. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाच्या पोटातून 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे आखलेत. पश्चिम टोकाला वेगळीच गंमत. वेसाव्याहून मढला फेरीबोटीने पाचेक मिनिटं लागतात, रस्त्याने मालाड-मार्वेमार्गे वीस किलोमीटरहून जास्त पडतं. बोटीत मासळीच्या टोपल्या, स्कूटर, शाळेची पोरं, सगळं एकत्र.

(दृश्य : विहार तलावाचा सांडवा. पावसाळा.)

या डोंगरात पडणारा पाऊस आधी विहार आणि पवई भरतो. ते भरून वाहिले की मिठी. जेमतेम 18 किलोमीटरची ही नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्याला वळसा घालते, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीत शिरते. संकुल उभं आहे ती जागा पाणथळ होती, पुराचं पाणी तिथे पसरून थांबायचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी शंभराच्याही आत. टाउन आणि उपनगर हा फरक इतका ढळढळीत आकड्यात क्वचितच दिसला असेल.

नंतर मिठीची वाटणी झाली : वरचे 11.84 किलोमीटर महापालिकेकडे, मुखाकडचे 6 एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पाण्याला ही हद्द ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अशी वाटणी इथे पावलोपावली भेटते. 1 ऑक्टोबर 1990 ला जिल्हा वेगळा झाला. तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला, जिल्हाधिकारी वांद्रे पूर्वेला. जिल्हा परिषद नाही. जमिनीचं दप्तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, रस्ते-गटारं महापालिकेकडे, झोपडपट्टी पुनर्विकास प्राधिकरण वेगळं, रुळांची हद्द रेल्वेची, मिठागरांवर केंद्राचा दावा. कांजूरमार्गला 2020 मध्ये मेट्रो कारशेडसाठी 102 एकर देण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. केंद्राच्या मीठ विभागाने जागा आपली म्हटलं, डिसेंबरात उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. 2022 मध्ये सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा गोरेगावच्या आरे वसाहतीत, आधी ठरलेल्या जागी गेली.

विधानसभेच्या मुंबईतल्या 36 जागांपैकी 26 या जिल्ह्यात आहेत, म्हणजे महापालिकेची सत्ता कुणाची हेही उपनगरच ठरवतं. भांडुप-विक्रोळीचा मराठी मतदार, बोरिवली-कांदिवलीचा गुजराती, मालवणी-कुर्ल्याचा मुस्लिम. उमेदवार ठरवताना प्रत्येक पक्ष आधी हा हिशोब करतो. 2017 च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेला 84 आणि भाजपला 82 जागा मिळाल्या. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मधल्या पावसाळ्यांत तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता.

(दृश्य : अंधेरी सबवे. आकाश भरून आलेलं.)

आता हा सबवे बघा. रुळांखालून जाणारा रस्ता बशीसारखा खोलगट. शेजारून मोगरा नाला वाहतो. इथलं पाणी पंपाने उपसून नाल्यातच सोडायचं असतं. पण नाला आधीच तुडुंब असेल तर ते परत येतं, पंप कितीही अश्वशक्तीचा लावा. नाला तुडुंब का, तर त्याचं पातमुख, म्हणजे पाणी बाहेर सोडणारं तोंड, खाडीत आहे आणि मोठ्या भरतीला खाडीची पातळीच वर चढते. जुनी पर्जन्य जलवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची होती, तेही ओहोटी धरून. 2005 नंतर हे प्रमाण 50 वर न्यायचं काम सुरू झालं. भरतीला पातमुखाचे दरवाजे लावायचे आणि आतलं पाणी पंपाने समुद्रात फेकायचं, अशी उदंचन केंद्रं इर्ल्याला आणि गजधरबंधला झाली. मोगऱ्याचं केंद्र जागेच्या वादात रखडलं.

सबवे बंद झाला की गाड्या गोखले पुलाकडे वळतात. 2018 ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 ला अख्खा पूल बंद केला. फेब्रुवारी 2024 ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना. मग बर्फीवाला पूलच जॅक लावून उचलावा लागला.

दर पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. ती यादी कापून फ्रिजवर चिकटवलेली घरं अंधेरीत आहेत. तारीख यादीतली आणि पाऊस जोराचा असेल, तर सबवेच्या तोंडाशी पोलीस आधीच उभा असतो. पाणी चाकाच्या रिमला लागलं की तो बॅरिकेड आडवं ओढतो.