गटाची वही

श्रोतेहो, नमस्कार.

दर बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या संगणकाच्या पडद्यावर एकेक चौकट उघडायला लागते. कुणाचा पूर्ण चेहरा दिसतो, कुणाचं फक्त कपाळ, तर एखाद्या चौकटीत नुसतं नाव. अकरा वाजेपर्यंत बारा-तेरा जण जमतात. सगळे निवृत्त. आमचा विषय आहे गणिताचा इतिहास. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आज जो शिकवतो त्याला मानधन नाही, आणि पुढच्या बुधवारी तोच समोर बसून दुसऱ्याचं ऐकतो. असे गट चालवणाऱ्या निवृत्त माणसांबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण त्यांच्या कामातला मोठा भाग कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

या कामाचं मूळ पाहायला थोडं मागे जाऊ. १९७३ साली फ्रान्समध्ये तुलूझ इथे पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. विद्यापीठाने निवृत्तांसाठी आपली दारं उघडली. शिकवायला प्राध्यापक, ऐकायला ज्येष्ठ. पुढे १९८१-८२ मध्ये ही कल्पना इंग्लंडात केंब्रिजला पोहोचली आणि तिथे तिचं रूप पालटलं. इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणाच्या क्षेत्रातले एरिक मिडविंटर हे तिघं तिच्यामागे होते. लॅस्लेट आणि यंग दोघंही १९१५ सालचे, म्हणजे हा खटाटोप मांडला तेव्हा स्वतःच पासष्टी ओलांडलेले. त्यांनी प्राध्यापक मागवलेच नाहीत. आयुष्यभर काम केलेली माणसं एकत्र आली की शिकवणारेही तीच आणि शिकणारेही तीच, असा त्यांचा हिशेब होता. लॅटिनमधल्या ‘युनिव्हर्सिटास’ या शब्दाचा जुना अर्थही समुदाय असाच आहे. आज ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’, थोडक्यात ‘यू-थ्री-ए’, या नावाने असे हजारावर स्थानिक संघ आहेत, त्यांचे सभासद चार लाखांच्या आसपास आहेत, आणि सगळा कारभार स्वयंसेवक पाहतात.

‘तिसरं वय’ म्हणजे काय, हे लॅस्लेट यांनी फार नेमकं मांडलं आहे. पहिलं वय परावलंबनाचं आणि घडण्याचं. दुसरं कमाईचं, जबाबदारीचं. तिसरं स्वतःला हवं ते करण्याचं. चौथं पुन्हा परावलंबनाचं. वाढदिवस मोजून हे टप्पे ठरत नाहीत, असंही ते सांगत. मला ही मांडणी जवळची वाटते. निवृत्त म्हटलं की आपण माणसाला सरळ चौथ्या वयात नेऊन बसवतो, आणि मधला हा भरला काळ मोजायचाच विसरतो.

आता ऑनलाइनचं. पुष्कळांना वाटतं की हे सगळं २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालं. तसं नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या रिक स्विंडेल यांच्या पुढाकाराने ‘यू-थ्री-ए ऑनलाइन’ उभं राहिलं. घराबाहेर पडता न येणारे, दूर एकाकी राहणारे ज्येष्ठ डोळ्यांपुढे ठेवूनच ते उभारलं होतं. तेव्हा चेहरे दिसायची सोय नव्हती. स्वयंसेवक पाठ लिहीत आणि सभासद आपल्या सवडीने वाचत. ही लेखी पद्धत मला अजूनही मोलाची वाटते. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला बुधवारचे अकरा पाळता येतीलच असं नाही. रात्री दहाला पाठ वाचता येतो.

२०२०मध्ये मात्र सभागृहांना कुलपं लागली आणि चेहऱ्यांचे गट घराघरांत शिरले. मीही त्याच वर्षी गट सुरू केला. माझी हयात शिकवण्यात गेलेली. पहिले काही बुधवार मी तास-तासभर बोललो. तयारी चोख होती, चित्रं होती, सनावळी होती. महिनाभरात चौदाचे सहा उरले. मनाला फार लागलं ते. गेलेल्यांना एकेक करून फोन केले, तेव्हा एका बाईंनी शांतपणे सांगितलं, “सर, व्याख्यानं तर मोबाइलवर हवी तितकी मिळतात. मला वाटलं होतं, आपण भेटणार आहोत.”

तेव्हापासून आम्ही चाल बदलली. पायथागोरसच्या प्रमेयाची पाळी आली, तेव्हा ते मी शिकवलं नाही. गटात बांधकामावर देखरेख करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक दोरी धरली. तीन हात, चार हात, पाच हात अशा अंतरांवर गाठी मारलेल्या. पाया आखताना कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्याने, म्हणजे गवंड्याच्या काटकोनी पट्टीने, लहान अंतरावर कळतं, पण भिंत लांब असेल तर केसाएवढी चूक पुढे वीतभर होते, म्हणून ही दोरी. तिन्ही गाठी ताणून बसल्या की कोपरा काटकोनच. चाळीस वर्षं ते प्रमेय त्यांच्या हातात होतं. ‘तुमच्या कामामागचं सूत्र शिकवा,’ असं मात्र त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सत्र संपल्यावरही कुणी बाहेर पडेना.

तंत्राच्या अडचणी येतात, पण लोक समजतात तितक्या त्या अवघड नसतात. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांनी बंद पडते. आम्ही तिथेच मध्यंतर ठेवलं आणि पुन्हा जमायला दुसरी लिंक आधीच देऊन ठेवली. लिंक फक्त गटावर येते आणि सत्राच्या नावाने कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर तो माणूस आमचा नव्हे, हे दर महिन्याला पुन्हा सांगतो. तेच तेच सांगायचा मला कंटाळा येत नाही. फसवणाऱ्यालाही येत नसतो.

ऐकण्याचा प्रश्न खरा मोठा आहे, त्यावर थोडं थांबतो. वयाबरोबर कान मंद होतो तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. त्यामुळे माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द कळत नाहीत. अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही. बोलणाऱ्याने माइक तोंडाजवळ ठेवावा, उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडावा म्हणजे ओठ दिसतात, आणि बाकीच्यांनी आपले माइक बंद ठेवावेत. शिवाय ऑनलाइन आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग मवाळ माणूस पुन्हा बोलतच नाही. म्हणून मी नाव घेऊन पाळी देतो. शाळेसारखं वाटेल, पण त्यामुळेच मवाळ माणसाला बोलायला मिळतं.

आता मघाशी म्हटलं त्या न दिसणाऱ्या कामाकडे येतो. सत्र दीड तासाचं असतं. त्याच्या आधी आणि नंतर फोन असतात. नवीन सभासद येणार असला की आदल्या दिवशी त्याच्याबरोबर दहा मिनिटांची रंगीत तालीम घ्यायची. माइक कुठे, चेहरा कसा दाखवायचा, बाहेर कसं पडायचं. हे सगळ्यांसमोर शिकायची वेळ आली तर माणूस ओशाळतो आणि पुन्हा येत नाही. कुणी दोन बुधवार दिसलं नाही तर फोन करायचा, आणि त्या फोनवर गणिताबद्दल बोलायचं नाही.

असाच एकदा मी एका सभासदांना फोन केला होता. ते यायचे, पण तीन महिने कॅमेरा बंद, माइक बंद. मला वाटलं, लाजत असतील, थोडं पुढे ओढायला हवं. फोनवर त्यांनी सांगितलं की पत्नी त्याच खोलीत अंथरुणाला खिळलेली असते, तिला उजेडाचा आणि आवाजाचा त्रास होतो. ते कानात हेडफोन घालून तिच्याशेजारी बसतात. दीड तास त्यांना माणसांचं बोलणं ऐकायला मिळतं. बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मी मात्र पुढच्या बुधवारी त्यांना सर्वांसमोर प्रश्न विचारायचं ठरवून बसलो होतो. तो फोन केला नसता तर भलत्या उत्साहात त्यांचा तो कोपराही मी हिरावून घेतला असता.

एकाच माणसावर उभा असलेला गट फार काळ टिकत नाही, हे मी इतर गटांचं पाहिलं आहे. चालवणारा आजारी पडतो, मुलांकडे राहायला जातो, किंवा थकतो आणि तसं सांगायला संकोचतो. मग एका बुधवारी लिंक येत नाही आणि बारा माणसं आपापल्या घरी पडद्याकडे बघत राहतात. म्हणून बैठक सुरू करता येईल अशी निदान तीन माणसं गटात हवीत. आमच्याकडे आता चार आहेत. पुढच्या महिन्यापासून मी सहा महिने नुसता सभासद असेन. मला फोनवर खरं ते सांगणाऱ्या त्याच बाई आता गट पाहणार आहेत.

परवा मी त्यांना एक वही दिली. संगणकाचे परवलीचे शब्द तिच्यात नाहीत, ते वेगळे दिलेत. वहीत एका पानावर एक सभासद आहे. ‘सकाळी दहाच्या आधी फोन नको.’ ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हेडफोन उजवीकडे.’ ‘दोरीचे गृहस्थ: ओळंब्यावर बोलायला तयार आहेत, आठवण करावी.’ आणि एका पानावर एवढंच: ‘कॅमेरा बंद असतो. हजेरीला नाव घ्यावं. प्रश्न विचारू नये.’

नमस्कार.