लव्हाळा खाली राहतो, वर नाही

मंडळी, बोलायच्या आधी हे घमेलं बघून घ्या. सकाळी आमच्या बांधाकडच्या कोपऱ्यातनं कुदळीनं फूटभर माती उचलून आणलीय, वरनं मोजले तर लव्हाळ्याचे, म्हणजे पिकात माजणाऱ्या ह्या गवतासारख्या तणाचे, कोंब नऊच होते. आता ह्याच्यात पाणी ओततोय, जरा माती सुटू द्या... हं, हे बघा. काळ्या गाठी, बारीक तारेवर मणी ओवावेत तशा एकामागं एक. परवा घरी असंच ढेकूळ धुतलं तर ३७ गाठी निघाल्या, आणि वर होते फक्त बारा कोंब. ही एक फोडतो, आत पांढरी निघते, वास घ्या, थोडा कापरासारखा येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा ह्याच कुळातला. रानडुक्कर बांध उकरतं ना, ते बऱ्याचदा ह्याच गाठींसाठी.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथंच आहे. माळेतली टोकाची गाठ फुटते, कोंब वर येतो, आणि ती जागी आहे तोवर मागच्या बऱ्याचशा गाठी झोपून राहतात. तार तुटली की प्रत्येक गाठ सुटी होते आणि फुटायला मोकळी होते. म्हणजे तुम्ही खुरप्यानं वरचं हिरवं उडवलं तर रान आठ दिवस स्वच्छ दिसतं एवढंच, आणि ओल्या रानात रोटाव्हेटर मारला तर तुम्ही लव्हाळ्याची लागणच केली. मी हे केलंय. २०१४ ला खोडवा, म्हणजे तोडीनंतर फुटून आलेला दुसरा ऊस, निघाल्यावर घाई होती, सोयाबीन टोकायचं होतं, भाड्याचा रोटाव्हेटर आणला आणि दोन पाळ्या मारल्या, रान कसं मऊ गादीसारखं झालं, घरचे सगळे खुश. आधी लव्हाळा एका कोपऱ्यात चार-पाच गुंठ्यांत होता, पहिल्या पावसानंतर बघतो तर एकरभर हिरवी चादर, सोयाबीन शोधावं लागत होतं. त्या वर्षी भांगलणीला जेवढे पैसे गेले तेवढं सोयाबीन झालं नाही. दात्यात अडकून गाठी लांबवर जातात, म्हणून आता कुणाचंही अवजार आलं की रानात घालायच्या आधी मी धुवून घेतो, लोक चिडतात, चिडू देत. तळ्याचा गाळ आणि नर्सरीच्या पिशव्यांतनंही हे येतं, तिथंही बघून घ्या.

मग मरतो कशानं? उन्हानं. गाठीला पाण्याची सवय आहे, ती पुरात टिकते, चिखलात टिकते, पण वाळली की संपली. मार्चअखेर पलटी नांगर लावायचा, खोल, ढेकळं मोठी राहू द्यायची, फोडायची नाहीत, कारण ढेकूळ आतपर्यंत वाळतं आणि त्याच्यातली गाठ पण वाळते. मग एप्रिल-मे कडक ऊन, पंधरा-वीस दिवसांनी आडवी पाळी, म्हणजे खालच्या गाठी वर येतात, दिसतील त्या वेचून घ्यायच्या. आणि ह्या दोन महिन्यांत पाण्याचा थेंब नाही. पाटाच्या कडेला माझ्या दोन सऱ्या पाझरानं ओल्या राहिल्या होत्या, सगळं रान वाळलं आणि तेवढ्याच दोन सऱ्यांत जूनमध्ये लव्हाळा टरारून आला. तेव्हा मला खरं पटलं.

दुसरं हत्यार सावली. ह्याला सावली सोसत नाही. पावसाच्या तोंडावर ताग दाट फेका, फुलोऱ्याच्या आधी गाडा, मधल्या काळात खाली लव्हाळा पिवळा पडलेला दिसतो. ऊस एकदा दाटला की तिथंही तसंच होतं, अडचण पहिल्या तीन महिन्यांची. त्या काळात कोंब उगवल्यापासून महिन्याच्या आत काढत राहायचा, कारण त्यानंतर तो खाली नवीन गाठी धरायला लागतो.

औषधाचं विचारणारच तुम्ही. उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना, रानात ओल असताना. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक पानातनं खाली गाठीपर्यंत उतरतं हे खरं, पण ज्या गाठीला पान नाही तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून एका फवाऱ्यात लव्हाळा गेला असं कधी होत नाही. गढूळ पाणी वापरलं तर मातीच त्याला धरून ठेवते, फवारा वाया. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं, त्यामुळं शेजाऱ्यानं दिलं म्हणून टाकीत ओतू नका. लेबल वाचा, मास्क आणि हातमोजे घाला, मला ह्यात हयगय केलेली अजिबात चालत नाही.

हरळी हे दुसरं तण, तिचं वेगळं. तिच्या काडीचा प्रत्येक पेरा, म्हणजे सांधा, मूळ धरतो, म्हणून वेचलेली हरळी बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात ती बांधावरून परत रानात उतरते. जनावरांना घाला, नाहीतर खडकावर पसरून काडीसारखी मोडेपर्यंत वाळवा. काळ्या रानात कुंदा हे तण असेल त्यांना मात्र माझी सहानुभूती आहे, त्याच्या कांड्या एवढ्या खोल असतात की साधा नांगर वरनंच जातो, तिथं टिकाव घेऊन खणायलाच लागतं, थोडं थोडं, दरवर्षी उन्हाळ्यात.

ह्या ताई म्हणतात वाफ्यावर मल्चिंग पेपर टाकला तरी लव्हाळा वर आला. येणारच ताई, त्याचा कोंब सुईसारखा असतो, प्लॅस्टिक भोसकून येतो. पेपरच्या आधी गाठी काढायला हव्या होत्या. गच्चीवरच्या कुंड्यांचं सोपं आहे, मे महिन्यात माती ताडपत्रीवर दोन बोटं जाडीनं पसरा, रोज एकदा हलवा, दोन-तीन आठवडे, मग चाळून घ्या. चाळणीत ज्या गाठी राहतील त्या ओल्या खतात टाकायच्या नाहीत, चुलीत घाला. आता पुढं या सगळे, ढेकूळ अजून अर्धं शिल्लक आहे, स्वतः धुवून मोजा.