पैसा कुठे वाचवलाय?

श्रोतेहो, नमस्कार.

घर नवीन असो की भाड्याचं, चावी हातात आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपण फर्निचरच्या दुकानात असतो. तिथे एक बैठकीची खोली मांडलेली असते. कोपऱ्यात दिवा, सोफ्यावर दोन उशा, बारीक पायांचं टेबल, मागे पुस्तकांचं उभं कपाट. सगळं नीटस, हलकं, आणि किंमतही आवाक्यातली. मनात येतं, अशीच खोली उचलून घरी न्यावी.

मी गेली अनेक वर्षं लोकांची घरं लावून देते. त्यातली बहुतेक बेताच्या पैशांतली, पहिलाच संसार मांडणाऱ्यांची. त्यांच्याबरोबर दुकानात गेले की मी एकच प्रश्न विचारायला शिकवते. वस्तू स्वस्त आहे, म्हणजे बनवणाऱ्याने कुठेतरी पैसा वाचवलाय. तो नेमका कुठे वाचवलाय? काही ठिकाणी वाचवलेला पैसा हा निव्वळ कौशल्याचा भाग असतो, त्याला मनापासून दाद द्यावी. काही ठिकाणी वाचवलेला पैसा दोन वर्षांनी आपल्याच खिशातून जातो. या दोन्हींतला फरक सांगावा, एवढ्यासाठी आज मी तुमच्याशी बोलते आहे.

आधी कौशल्याबद्दल. १८५९ साली फर्निचर बनवणारे मायकेल थोनेट यांनी एक खुर्ची बाजारात आणली. तिचा क्रमांक चौदा. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं आणि सांध्यांमध्ये स्क्रू घालायचे. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, झाली खुर्ची. कोरीवकाम करणारा कसबी सुतार लागत नव्हता. पण मला त्यातली सगळ्यांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या! खुर्चीच्या आत जी हवा असते, तिचं भाडं वाचलं. ही खुर्ची जगभर गेली, लाखोंनी विकली गेली, आणि अजूनही तिच्यावर लोक बसतात.

पुढे १९२५ मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर यांनी सायकलच्या हँडलकडे बघून पोलादी नळीची खुर्ची बनवली. नळी आतून पोकळ, म्हणून वजन कमी, तरी ताकद भरपूर. आणि १९५६ च्या सुमाराची स्वीडनमधल्या आयकिया या फर्निचर कंपनीची गोष्ट तर बऱ्याच जणांनी ऐकली असेल. तिथे काम करणाऱ्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल गाडीत घालायचं होतं, ते मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले आणि पाटाखाली ठेवले. चपट्या खोक्यातून फर्निचर विकायची त्या कंपनीची रीत तिथून मूळ धरत गेली.

या तिन्ही ठिकाणी पैसा वाचला तो वाहतुकीत, जागेत, मजुरीत. वस्तूच्या ताकदीला कुणी हात लावला नाही. म्हणून घरी जोडायचं फर्निचर म्हणजे तकलादू, असं सरसकट म्हणणारी मंडळी भेटली की मला वाईट वाटतं. खोकं चपटं आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते खोक्याच्या आत काय आहे यावरून.

तर आत काय असतं? बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा प्लायवूड. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या ढलप्या आणि भुसा, रेझिन नावाच्या गोंदासारख्या पदार्थात कालवून दाबून केलेली फळी. एमडीएफ त्याहून बारीक, लाकडाचे तंतूच सुटे करून दाबलेले, त्यामुळे कापल्यावर कड गुळगुळीत येते आणि रंग छान बसतो. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवतात, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे. त्या उलटसुलट रेषांमुळेच प्लाय सहजी चिरत नाही आणि स्क्रू चांगला धरून ठेवतं.

वरून तिन्हींवर लाकडासारखा दिसणारा कागद किंवा लॅमिनेट असतं, मग ओळखायचं कसं? टीव्हीच्या कपाटाच्या मागे वायर जाण्यासाठी गोल भोक पाडलेलं असतं. त्याच्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढा आणि भोकाची कड जवळून बघा. मोबाइलचा टॉर्च लावा. चुरमुरीत, खडबडीत, मोठे-छोटे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड. तपकिरी, एकसारखं, पुठ्ठ्यासारखं दाट दिसलं तर एमडीएफ. थर दिसले तर प्लाय. दुकानात वस्तू आपल्या आतलं खरं सांगते ती अशा एखाद्याच जागी.

पार्टिकल बोर्ड म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. भिंतीला टेकून उभं राहणारं कपड्यांचं कपाट, कोरड्या खोलीतलं छोटं टेबल, यांना ते पुरतं. त्याचे शत्रू तीन: पाणी, लांब आडवी फळी आणि पुन्हापुन्हा काढलेला स्क्रू.

पाणी आत शिरतं ते कडेतून. फळीच्या चारही कडांना पट्टी चिकटवायची असते. समोरच्या कडेची पट्टी सगळेच नीट लावतात. तुम्ही खाली वाका आणि कपाटाच्या तळाच्या फळीची खालची कड बघा, जिथे फरशी पुसताना ओलं फडकं लागणार आहे. तिथे कड उघडी असेल तर ती पाणी पिणार, फुगणार, आणि एकदा फुगलेलं पार्टिकल बोर्ड वाळल्यावरही मूळ आकाराला येत नाही. ही खालची पट्टी वाचवून बनवणाऱ्याचे किती पैसे वाचतात? अगदी किरकोळ. आणि तेवढ्यासाठी अख्खं कपाट जातं. याचा मला खरोखर राग येतो. वस्तू तरीही घ्यायचीच असेल तर तिला धातूचे किंवा रबराचे पाय लावून फरशीपासून उचलून घ्या.

आता आडव्या फळीबद्दल. हा धडा मी स्वतः शिकले आहे. माझ्या पहिल्या घरात मी एक लांबलचक पुस्तकांचं शेल्फ घेतलं होतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग फळी, मध्ये एकही उभा आधार नाही. फार देखणं दिसायचं. पुस्तकं लावली, आणि सहा महिन्यांत फळीला असा बाक आला की मधली पुस्तकं एकमेकांकडे कलली. सगळी पुस्तकं खाली काढली, तरी फळी सरळ होईना.

कारण साधं आहे, पण ते कुणी सांगत नाही. फळीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच वजनाखाली ती आठपट वाकते. आणि दुप्पट लांब फळीवर आपण पुस्तकंही दुप्पट ठेवतो, म्हणजे वाकणं जातं सोळापटीवर. उलट जाडी दुप्पट केली, तर वाकणं आठ भागांतला एकच भाग उरतं. म्हणून पार्टिकल बोर्डची साधारण १८ मिलिमीटर जाडीची फळी पुस्तकांसाठी घेत असाल, तर दोन आधारांमधलं अंतर ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर ६० वरच थांबा. लांब शेल्फ आवडलंच असेल तर मध्ये उभी फळी असलेलं निवडा. शोभेच्या वस्तू आणि कुंड्या यांचा प्रश्न नाही. पुस्तकं मात्र भलतीच जड असतात. मीटरभर पुस्तकांची रांग सहज वीस-तीस किलो भरते.

कपाटाच्या पाठीकडे तर कुणी बघतच नाही. घरात काडेपेटी असेल तर हातात घ्या. आतला खण काढून बाजूला ठेवा. आता बाहेरचं रिकामं कव्हर कोपऱ्यातून हलकेच दाबा. बघा, ते तिरकं होऊन लवंडतं. खण परत आत सरकवा आणि पुन्हा दाबा. आता हलत नाही. कपाटाची पाठ हेच काम करते. चार फळ्यांची चौकट एकटी असली की कलते, मागे पत्र्याएवढी पातळ का होईना, पाठ ठोकली की ताठ उभी राहते. म्हणून कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला हात लावून बाजूला ढकलून बघा. डुलत असेल तर मागे जा. पाठ खाचेत बसवली आहे का? जवळजवळ खिळे आहेत का? की पाठ दोन तुकड्यांची, मध्ये घडी पडलेली, आणि चार पिनांवर तगलेली आहे? घरी जोडताना शेवटी कंटाळा येतो आणि पाठीचे निम्मे खिळे डब्यात राहतात. तसं कृपा करून करू नका.

आणि उंच कपाट, खणांचं टेबल भिंतीला पट्टीने बांधायचंच. लहान मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. असे जीवघेणे अपघात झालेले आहेत. खोक्यात ती पट्टी बहुधा दिलेली असते. भिंतीला भोक पडेल म्हणून ती लावायची टाळू नका. भोक बुजवता येतं.

सोफ्याची परीक्षा वेगळी. पुढचा एक पाय धरून वीतभर उचला. तेवढ्यात दुसरा पुढचा पायही जमिनीवरून सुटायला हवा. पहिला वर आला तरी दुसरा जमिनीलाच चिकटून असेल, तर आतली चौकट पिळवटते आहे, ती फार दिवसांची सोबती नाही. मग फोमची घनता विचारा. ती एका घनमीटरला किती किलो अशी मोजतात. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. कडक फोमही कमी घनतेचा असू शकतो, दुकानात तो छान वाटतो आणि वर्षभरात बसतो. रोज बसायच्या गादीला तीसच्या वरची घनता मागा. उत्तर देता येत नसेल तर दुसरा सोफा बघा. गाद्यांच्या खोळींना चेन आहे का, हेही बघा. खोळ धुता आली तर सोफ्याचं आयुष्य वाढतं.

मोजमापं दुकानात आठवून सांगायची नसतात, घरून लिहून न्यायची. सोफ्याची लांबी-रुंदी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. जेवणाच्या खुर्चीची बैठक आणि टेबलाचा पाट यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर मांड्या अडकतात किंवा खांदे वर चढतात. टेबल एका दुकानातून आणि खुर्च्या दुसऱ्या दुकानातून घेता, तेव्हा हे हमखास चुकतं. आणि जिन्याचं वळण मोजा. दरवाजा सगळे मोजतात, जिना कुणी मोजत नाही.

बारीकसारीक वस्तूंबद्दल थोडक्यातच सांगते. चादरीवर धाग्यांचा आकडा फार मोठा लिहिलेला असेल तर भुलू नका. पीळ दिलेल्या एका धाग्यातले पदर सुटे मोजूनही तो आकडा फुगवता येतो. कापड उजेडासमोर धरा, हात फिरवा. दिव्यांच्या बाबतीत मात्र स्वस्तातलं सुख खरंच आहे. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा लावा, पांढराफटक नको. एवढ्या एका बदलाने साधं फर्निचरही उबदार दिसतं. दुकानातल्या त्या मांडलेल्या खोलीची निम्मी जादू दिव्यांचीच असते.

मग जास्त पैसे कुठे घालायचे? ज्यावर आपलं शरीर तासन्‌तास असतं, तिथे. झोपायची गादी, आणि घरून काम करत असाल तर कामाची खुर्ची. बाकीचं हळूहळू येऊ द्या. सगळं घर एका खेपेत भरलंत तर कुठला कोपरा कशासाठी वापरला जातो, हे कळायच्या आतच तो भरलेला असेल. शिवाय वारंवार घर बदलणार असाल तर सांधे बघून घ्या. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू एकदा काढून परत लावला की सैल होतो. नट-बोल्टचं किंवा लोखंडी चौकटीचं फर्निचर कितीही वेळा सुटं करा, कुरकुरत नाही. अशांना मी जुन्या सागवानी किंवा शिसवी वस्तूही बघायला सांगते. वापरलेलं घ्यायला कमीपणा कसला? फक्त बारीक भोकं आणि त्याखाली ताजी पिठी दिसली तर ती वस्तू घरात आणू नका, आत कीड जिवंत आहे.

नवीन वस्तू घरी आली की पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा. तो जो नवा वास येतो, त्यात बोर्डच्या रेझिनमधून सुटणारं फॉर्मल्डिहाइड असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. बोर्डवर ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची खूण आहे का, ते विचारा. बाळाच्या खोलीसाठी तर जरूर विचारा.

स्क्रूचं भोक सैल झालंच, तर मघाची काडेपेटी परत काढा. काडीचा गुल मोडा, काडी लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात घाला, वर उरलेला भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू परत पिळा. छान धरतो. आणि खोक्यातून येते ती षट्कोनी किल्ली फेकू नका. कपाटाच्याच पाठीला मागून चिकटपट्टीने लावून ठेवा. जोडल्यानंतर महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा अर्धा-पाव फेरा आवळायचे असतात, तेव्हा ती शोधत बसावं लागणार नाही.

नमस्कार.