छातीत घुसलेला घाव : आधी बीपी, मग फोटो

छातीत चाकू खाल्लेला पेशंट कॅज्युअल्टीत आला की इंटर्न विचारतात, ‘सर, सीटी सांगू का?’ मी विचारतो, बीपी किती? कोसळत्या बीपीचा माणूस सीटीच्या खोलीत न्यायचा नसतो. श्वास लागलाय, मानेच्या शिरा फुगल्यात, एका बाजूला हवा जाताना ऐकूच येत नाही? मग एक्स-रेचीही वाट पाहू नका, फुप्फुसाभोवती कोंडलेली हवा आधी बाहेर काढा.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांना गोळी लागली. हॉस्पिटलात ते स्वतःच्या पायांनी चालत शिरले आणि आत कोसळले. डाव्या काखेखाली नुसती चीर होती. छातीत नळी घातली, रक्त थांबेना, म्हणून सर्जननी छाती उघडली. आपणही तोच हिशेब धरतो : नळी घालताच दीड लिटर रक्त आले, किंवा नंतर सलग दोन ते चार तास ताशी २०० मिलीहून जास्त येत राहिले, तर ऑपरेशन थिएटर गाठायचे.

एक्स-रे सगळ्यांनाच हवा, पण आडव्या पेशंटचा फोटो फसवतो. रक्त पाठीकडे पसरते आणि ती बाजू फक्त जराशी धुरकट दिसते. फोटोआधी प्रत्येक जखमेवर पेपरक्लिप किंवा ईसीजीचा इलेक्ट्रोड चिकटवा, म्हणजे जखम कुठे ते फोटोत कळते. गोळीबार असेल तर भोके आणि आतल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली तर पेशंटला कुशीवर वळवा, पाठ आणि काखा बघा. तरी जमत नसेल तर पोटाचाही फोटो काढा.

आता सोनोग्राफी, कारण खरी फसगत इथे होते. दोन्ही स्तनाग्रांच्या मधल्या पट्ट्यात, गळ्याच्या हाडांपासून बरगड्यांच्या कडेपर्यंत कुठेही जखम असेल, तर हृदयाला लागले आहे असे धरूनच प्रोब ठेवा. हृदयाभोवती रक्त दिसले तर हृदयाला लागलेच, प्रश्न मिटला. दिसले नाही तर? चाकूने हृदयाचे आवरणही फाटलेले असते. त्या फटीतून रक्त डाव्या छातीत उतरते, हृदयाभोवती काही साचतच नाही आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. म्हणून डाव्या बाजूला रक्त साचले असेल, तर अशा नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबून पेशंटला वॉर्डात पाठवू नका. सर्जनला बोलवा, आवरणाला छोटी खिडकी पाडून बघावे लागेल.

पेशंट स्थिर असेल तर मात्र काँट्रास्ट (फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेले औषध) देऊन सीटी जरूर करा. घाव कुठून कुठे गेला, महाधमनीजवळून की अन्ननलिकेजवळून, हे त्यात कळते. पण श्वास सोडताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, जवळपास स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर येते, आणि त्याची लहानशी चीर सीटीतही निसटते. डाव्या खालच्या बरगड्यांत बैलाचे शिंग लागलेला शेतकरी सीटी ‘स्वच्छ’ आहे म्हणून घरी गेला, तर त्याच चिरेतून काही वर्षांनी पोटातले आतडे छातीत चढू शकते. तिथे दुर्बिणीतूनच बघितलेले बरे.

आणि चाकू लागूनही तक्रार नाही, पहिला एक्स-रे चांगला? त्याला बसवून ठेवा आणि तीन तासांनी पुन्हा काढा. पूर्वी सहा तास थांबत असत.