पागोळ्या थांबल्यावर

आपल्यासमोर आता दिसते आहे ते बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका कौलारू घराचे माजघर आहे. कोनाड्यात कंदील आहे, दारामागे घोंगडी टांगलेली आहे आणि वर कौलांवर पाऊस वाजतो आहे. हे घर मी एका भयगेमसाठी संगणकावर रचलेले आहे. ज्या घरावरून ते रचले, ते माझ्या आजोळचे घर जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत आजही उभे आहे.

स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या कंपनीने २०१० साली ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’ हा भयगेम प्रसिद्ध केला आणि त्याचा लेव्हल एडिटर, म्हणजे गेममधील टप्पे (लेव्हल) रचण्याचे साधन, खेळाडूंसाठीही खुला केला. तेव्हापासून जगभरातील हौशी मंडळी त्यात स्वतःच्या कथा रचत आली आहेत, आणि मीही त्यांतलाच एक आहे. या गेममध्ये खेळाडूच्या हाती शस्त्र नसते. अंधारात फार वेळ थांबले तर पात्राची मनःस्थिती ढासळू लागते आणि उजेडात उभे राहिले तर पाठलाग करणाऱ्या राक्षसाच्या नजरेस पडण्याचा धोका असतो. अशा गेमसाठी लेव्हल करणाऱ्याला शेवटी जागेच्याच बळावर भीती उभी करावी लागते.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हे ओळखले नव्हते. दहा मिनिटांच्या लेव्हलमध्ये मी बारा दचके पेरले होते : आपटणारी दारे, किंचाळ्या, अंगावर येणारी आकृती. निपाणीचा एक मित्र ती खेळायला बसला आणि चौथ्या दचक्यापासून पुढचा कुठे येणार हे तो आधीच सांगू लागला. दचका ओसरला की खेळाडू सुटकेचा श्वास टाकतो, आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर मी साठवलेला ताण वाहून जात होता. २००४ सालच्या ‘थीफ : डेडली शॅडोज’ या गेममधील शेलब्रिज क्रेडल ही लेव्हल भयगेमच्या चाहत्यांना आजही आठवते. एकेकाळी अनाथालय आणि वेड्यांचे इस्पितळ असलेल्या त्या इमारतीच्या पहिल्या भागात एकही शत्रू नाही. खेळाडू रिकाम्या खोल्यांतून हिंडतो, वरून येणारे आवाज ऐकतो आणि कोणीतरी भेटेल या अपेक्षेनेच अर्धमेला होतो. ती लेव्हल पुन्हा खेळल्यावर मी माझे बाराही दचके काढून टाकले.

दुसऱ्या वेळी मी कॅमेरा, मोजपट्टी आणि ध्वनिमुद्रक घेऊन आषाढात आजोळी गेलो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात आषाढातला पाऊस दिवसेंदिवस खळत नाही. तिथे राहणाऱ्याला दोन दिवसांनंतर तो ऐकूच येईनासा होतो. माणसे त्याच्यावर आवाज चढवून बोलतात आणि तसे बोलत आहोत हेही विसरतात. मला लेव्हलसाठी नेमके हेच हवे होते. मी माळ्यावर बसून कौलांवरचा पाऊस टिपला, गोठ्याच्या पत्र्यावरचा वेगळा टिपला आणि परसातल्या केळीच्या पानांवरचा आणखी वेगळा. एडिटरमध्ये हे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवले जातात, आणि सगळे सारख्याच लांबीचे असले तर कान थोड्याच वेळात त्यांचा सांधा पकडतो. म्हणून मी ते ४३, ५९ आणि ७१ सेकंदांचे कापले. या तिन्ही संख्यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे तिन्ही तुकडे पुन्हा एकाच वेळी सुरुवातीला येण्यास सुमारे ५० तास लागतात. इतका वेळ कोणी खेळत नाही, त्यामुळे खेळाडूला पाऊस अखंडच वाटतो आणि सातआठ मिनिटांत तो त्याच्या ध्यानातून निघून जातो.

त्यानंतर मी तो थांबवतो. खेळाडू ओटीवरून माजघरात आला की उंबऱ्यावर ठेवलेला, डोळ्यांना न दिसणारा स्क्रिप्ट एरिया, म्हणजे खेळाडूने पाय ठेवताच ठरलेली घटना घडवणारा भाग, जागा होतो आणि पाऊस वीस सेकंदांत विरत जातो. उरतात फक्त पागोळ्या. त्याही एकेक करून थांबतात, आणि शेवटी एकच ठिबक राहते, जी वळचणीकडून येत नाही. ती माजघराच्या आतून येते, जिथे घर कधीच गळत नव्हते. त्या ठिबकीमागे मी कोणतीही आकृती ठेवलेली नाही.

उजेडाचा विचारही असाच घराकडून सुरू झाला. मिट्ट काळोख केला की भीती वाढते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काहीच दिसत नसले की खेळाडू वैतागतो आणि पडद्याचा उजळपणा वाढवून सगळा परिणाम घालवून बसतो. म्हणून प्रत्येक खोलीत मी अगदी फिकट निळसर प्रकाश भरला. त्यात खांब, जाते आणि दाराची चौकट यांच्या कडा कळतात, पण खांबाला टेकून काय उभे आहे ते मात्र कळत नाही. पिवळा उजेड फक्त कंदिलाचा आहे आणि तो नेहमी खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे, म्हणजे तिथे पोचण्यासाठी मधला अंधार पार करावाच लागतो. उजेड आहे पण त्याचा दिवा दिसत नाही, अशी एकही जागा मी ठेवली नाही. तसे झाले की घर नाटकाच्या नेपथ्यासारखे दिसू लागते.

मोजमापांनी मला सर्वांत जास्त सतावले. खऱ्या घराची मापे जशीच्या तशी घेतली तर पडद्यावर ते खुराड्यासारखे भासते, कारण खेळाडूची नजर चौकटीत बांधलेली असते आणि डोळ्यांच्या कडेने जे आपल्याला सहज दिसते ते त्याला दिसत नाही. मी सगळे घर साधारण सव्वापट केले. देवघराचे दार तेवढे मूळ उंचीचे ठेवले. आजोळी त्या दारातून प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते, आणि लेव्हलमध्येही खेळाडूला तिथे खाली बसून सरकावे लागते. ज्या क्षणी तो वाकतो त्या क्षणी त्याला मागे वळून पाहता येत नाही. आजोबा म्हणत, देवापुढे मान लवावी म्हणून दार ठेंगणे असते. ती रीत मोडून तिचा भीतीसाठी वापर करताना माझे मन पुष्कळ दिवस कचरत होते, आणि म्हणूनच देवघराच्या आत मी काहीही वाईट घडू दिलेले नाही.

बेळगावचा किल्ला का वापरला नाही, असे मला अनेकांनी विचारले. १२०४ च्या सुमाराचा तो किल्ला, त्याचा खंदक आणि आतले कमल बस्ती हे जैन मंदिर यांचे भव्यपण मला मान्य आहे, पण तिथे कोणी रात्री पाणी प्यायला उठत नाही. घरात कोणती वस्तू कुठे असते हे खेळाडूच्या अंगवळणी पडलेले असेल, तरच ती जागेवरून हलल्याचे त्याला खुपते. म्हणून पहिली पाच मिनिटे तो नुसता कामे करतो : कळशी आणतो, चुलीत लाकूड सारतो, कॅलेंडरचे पान उलटतो. कॅलेंडर मराठी आहे, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातले बसचे तिकीट कन्नड आहे, आणि आमच्या भागातील कोणत्याही घरात या दोन्ही लिपी अशाच शेजारी नांदतात. पुढे घर बदलू लागते तेव्हा तिकिटावरची अक्षरे तशीच राहतात, मात्र कॅलेंडरवर तीच तारीख पुन्हा दिसते.

धुक्याबद्दल थोडेच सांगतो. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये दाट धुके आले ते पहिल्या प्लेस्टेशनला दूरवरचे शहर रेखाटणे झेपत नव्हते म्हणून, आणि तीच अडचण त्या गेमची ओळख बनली. चोर्ल्याच्या घाटात पावसाळी पहाटे गाडी चालवलेल्या माणसाला त्या धुक्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. माझ्या अंगणात ते तुळशीवृंदावनापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

गेल्या जुलैत बेळगावातील एका विद्यार्थिनीने ही लेव्हल माझ्यासमोर खेळली. उंबरा ओलांडून ती माजघरात आली, पाऊस विरला, पागोळ्या थांबल्या. पुढे जाण्याऐवजी ती तिथेच उभी राहिली. मग तिने कानावरचा हेडफोन काढला आणि खिडकीकडे पाहिले. बाहेर पाऊस पडतच होता. ती थोडा वेळ तो ऐकत बसली आणि मगच तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवला.