फॉर्म भरणाऱ्या ताईचा पगार कोण देणार?

नमस्कार. मला विषय दिलाय गरीब कुटुंबांना मदत करणारे उपक्रम आणि स्थानिक संस्था. फार मोठा विषय आहे, म्हणून मी फक्त एका टेबलाबद्दल बोलणार आहे. पुण्यातल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये एखाद्या लहानशा संस्थेची खोली असते, बाहेर चपलांची गर्दी, आत एक ताई फायली मांडून बसलेली, आणि समोरची बाई कॅरीबॅगमधून एकेक कागद काढतेय, रेशनकार्ड, आधार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, लाइट बिल, ते पण घरमालकाच्या नावाचं.

आता समजा ही बाई धुणंभांडी करते, नवरा गेलाय, दोन मुलं शाळेत आहेत. तिला कोणी दिवाळीत किट आणून दिलं, तेल, साखर, रवा, तर चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही, पण ते किट संपतं. आणि त्याच बाईच्या मुलांना बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. विचार करा, कुठला देणगीदार एका घराला इतकी वर्षं दर महिन्याला पैसे देईल? सरकार देतं. फक्त ते पैसे त्या घरापर्यंत आपोआप येत नाहीत. कोणीतरी तिला आधी सांगावं लागतं की अशी योजना आहे, मग उत्पन्नाचा दाखला, मग अर्ज, मग घरी चौकशी, मग बालकल्याण समितीसमोर जाणं, आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी ती एक दिवस कामावर खाडा करणार, म्हणजे मालकिणीची बोलणी खाणार, पगार पण कापला जाणार.

कागदात अडकतं कुठे ते ऐका. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याच्या नावाचं एक अक्षर चुकलेलं. एवढ्यावर माणसं महिनोन्महिने हेलपाटे घालतात. किंवा सगळं मंजूर झालं, पण पैसेच आले नाहीत, बाई रडकुंडीला येते, ताई मग आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते तपासते, तर कधीकाळी कोणीतरी उघडून दिलेलं दुसऱ्याच बँकेतलं खातं निघतं, पैसे गुपचूप तिथे जाऊन पडलेले असतात. रेशनचं पण तेच, भांडी घासून घासून आणि सिमेंट कालवून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन अंगठा घेत नाही, आणि अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी 5 किलो धान्य मशीनपाशी अडकतं.

बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळाचं घ्या. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर जमा होतो, तो मजुरांसाठीच असतो. पण नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावरचा मजूर रोज वेगळ्या मालकाकडे जातो, त्याला 90 दिवसांचं कोण लिहून देणार? दुसरीकडे संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं 21 हजारांवर, म्हणजे महिन्याला 1750. शहरात एवढ्यात कुठलं घर चालतं? ही मर्यादा वाढवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि जिथे माइक मिळेल तिथे मी ते बोलणार.

आणि दवाखाना! धर्मादाय हॉस्पिटलमध्ये 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत दुर्बल. त्यासाठी हॉस्पिटलला बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. इमर्जन्सीत अशा रुग्णाकडून डिपॉझिट मागायचं नसतं. हे किती जणांना माहीत आहे? रात्री काउंटरवर जेव्हा आधी पैसे भरा म्हणतात तेव्हा घरचे लोक दागिने गहाण ठेवायला पळतात. तिथे ताई बरोबर असली, किंवा नुसती फोनवर असली, आणि ती म्हणाली की सोशल वर्करला बोलवा, हा रेशनकार्डाचा फोटो बघा, तर एका कुटुंबाचं कर्ज वाचतं. मी हे वारंवार बघितलंय.

कागदाची ताकद काय असते हे याच शहरात कचरावेचक बायकांनी दाखवलंय. एसएनडीटी विद्यापीठातले प्रौढशिक्षणाचे कार्यकर्ते त्यांच्यात गेले, आणि 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तेव्हा डोक्यावर पोतं घेऊन पहाटे निघालेल्या बाईला लोक चोर समजायचे, पोलीस हटकायचे. संघटनेने ओळखपत्रं दिली, पुढे महापालिकेने त्याला मान्यता दिली, आरोग्य विम्यात हातभार लावला, आणि 2008 पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत याच बायका घरोघरचा कचरा गोळा करायला लागल्या. त्यांच्या कष्टाची कुठेतरी नोंद झाली, आणि बाकीचं सगळं त्या नोंदीवर उभं राहिलं. त्यासाठी वर्षानुवर्षं कोणीतरी वस्तीत बसून नावं लिहीत होतं हे आपण विसरतो.

आता पैशाचं बोलू, कारण इथे देणगी देणारे पण बसलेत आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी करायचा खर्च, बघणारे पण. प्रोजेक्ट म्हटलं की तुम्ही वस्तू मागता, शिलाई मशीन, टॅब, दप्तरं, ज्याचा फोटो निघतो ते. ताईचं मानधन लिहिलं की बजेटवर लाल रेघ येते, सांगतात हा प्रशासकीय खर्च आहे, 5 टक्क्यांच्या वर चालत नाही. अहो, ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे! प्रत्यक्ष प्रकल्प राबवायला जो थेट खर्च येतो तो त्यात धरलेलाच नाही. ताई हाच प्रकल्प आहे, ती नसेल तर बाकी राहतं काय? कृपा करून ऑफिसात गेल्यावर नियम परत एकदा काढून वाचा.

आणि मानधन एका वर्षाचं देऊ नका. वर्ष संपलं की ती दुसरीकडे नोकरी शोधते, शोधणारच, तिलाही घर आहे, आणि वस्तीत कोणाची फाईल कुठल्या टेबलावर अडकलीय, कोणाच्या नावातलं कुठलं अक्षर चुकलंय हे सगळं तिच्या डोक्यात असतं, ते तिच्याबरोबर जातं. नवी मुलगी आली की बायका परत पहिल्यापासून सगळी कहाणी सांगतात. निदान तीन वर्षांची खात्री द्या. खोलीचं भाडं, झेरॉक्स, प्रिंटर, रिचार्ज, ताईचं रिक्षाभाडं हे पण धरा, संस्था हे मागायला लाजतात म्हणून तुम्हीच विचारा.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण वेळ आहे त्यांनी शनिवारी दुपारी वस्तीत या, फॉर्म स्कॅन करायला, ओटीपीसाठी आजीबरोबर बसायला माणूस लागतो. पण जूनमध्ये येऊ नका, तेव्हा अॅडमिशनमुळे सेतू केंद्रावर दाखल्यांची झुंबड असते आणि कोणाला शिकवायला ताईला वेळ नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत या, तेव्हा दाखले काढून ठेवले तर तीच मुलं जूनमध्ये रांगेत उभी राहणार नाहीत.