एक वाफा मातीसाठी

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा एखादा पाऊस पडला की आपल्या सोलापुरात, ज्यांच्या दाराशी चार वाफ्यांची जागा आहे, त्यांना भेंडी-गवार लावायची घाई होते. आज मी तुम्हाला त्यातला एक वाफा भाजीपासून दूर ठेवायला सांगणार आहे. त्यात ताग पेरा, धैंचा पेरा, नाहीतर घरातली मटकी पेरा. आणि फुलं दिसू लागली की ते हिरवंगार पीक कापून त्याच मातीत गाडा. हिरवळीचं खत म्हणतात ते हेच.

आपली काळी माती मुळात ताकदीची. पण एप्रिल-मेच्या उन्हात तिच्यातला कुजका पालापाचोळा भराभर संपतो. मग उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात पाय उचलवत नाही इतका चिखल होतो. शेणखत घालावं म्हटलं, तर शहरात पाटीभर शेणखतही विकत आणावं लागतं. ज्या जागेत खत घालायचं, तिथंच ते उगवता येतं, हा या पिकांचा मोठा गुण.

आता कुठलं पीक निवडायचं? आधी आपल्या जागेत पावसाचं पाणी किती वेळ थांबतं ते बघा. निचरा होत असेल तर ताग. तो झपाट्याने वाढतो, तण दाबतो, एकदा रुजला की पावसाची उघडीपही सोसतो. पण पाणी तुंबलं की पिवळा पडतो. पाणी साचत असेल किंवा जमीन खारवट-चोपण असेल, म्हणजे वर पांढरट थर येतो आणि पाणी मुरत नाही, तर धैंचा घ्या. उजनीच्या कालव्याखाली अशा जमिनी अनेकांनी पाहिल्या असतील. धैंच्याचं बी कठीण कवचाचं असतं, रात्रभर भिजत घालून मगच पेरा. आणि दहा बाय दहा फुटांचा एवढासाच वाफा असेल, बी आणायला बाजारात जाणंही जमत नसेल, तर डब्यातली मटकी नाहीतर हुलगा घ्या. जी मटकी उसळीसाठी मोड आणते, ती वाफ्यातही उगवते. तागाचं बी एवढ्या वाफ्याला साधारण ४५ ते ७० ग्रॅम लागतं. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो.

महिनाभरानं एक रोप हलकेच, मुळासकट उपटून बघा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल, तर समजा हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मुळाशी जमा होतोय. मात्र जुन्या वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवर दिसणाऱ्या गाठी वेगळ्या. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या. नत्राची गाठ बोटानं ढकलली की सुटून येते. सूत्रकृमींची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं. अशी सुजलेली मुळं दिसली असतील तर त्या वाफ्यात चवळी नको, तिच्यावर सूत्रकृमी सहसा पोसले जातात. तिथं तागच पेरा, तागाच्या मुळांत त्यांची वाढ होत नाही.

खरी कसोटी आहे ती गाडण्याच्या वेळेची. पहिल्या वर्षी माझा ताग पिवळ्याधमक फुलांनी असा लगडला की त्यावर विळा चालवायला माझा हात धजेना. मधमाश्या यायच्या, शेजारच्या बायका बघायला यायच्या. आणखी आठ दिवस, आणखी आठ दिवस करत तीन आठवडे गेले. तोवर खोडांना वाख धरला. तागाचे दोर वळतात, ते त्याच वाखाचे. गाडलेले दांडके दिवाळीतसुद्धा खुरप्याला अडकत होते आणि त्यावर लावलेली मेथी पिवळी पडली. जून झालेलं खोड कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात, भाजीला काही उरत नाही. म्हणून पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत, फुलं नुकती दिसू लागताच कापा. खोड हातानं कचकन मोडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. गाडलेला पाला कुजायला पाणी लागतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बऱ्याचदा दडी मारतो. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून मी उलटा हिशेब करते. पेरणी आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनअखेरीला, आणि कापणी मघात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात. मग पूर्वा आणि उत्तराच्या पावसात वाफा आपोआप कुजतो. मृगात पेरलं तर पीक जुलैअखेरीलाच तयार होतं. तेव्हा पाऊस नसला तर गाडल्यावर दर चार-पाच दिवसांनी वाफा भिजवत राहावं लागतं. ज्यांच्याकडे पाणी पाच दिवसांआड येतं, त्यांना हे परवडणार नाही.

गाडायचं तेही मातीला वापसा असताना, म्हणजे ती ओलसर असेल पण चिकटत नसेल तेव्हा. चिखलात कुदळ घातली तर काळ्या मातीची ढेकळं होतात, ती पुढं महिनाभर फुटत नाहीत. झाडं विळ्यानं वीतभर तुकडे करून पसरा आणि चार ते सहा इंच मातीखाली दाबा. दोन-तीन आठवड्यांनी मूठभर माती उकरून नाकाशी धरा. आंबूस, उग्र वास आला तर अजून थांबा. पहिल्या पावसासारखा वास आला आणि खोडाचा तुकडा चिमटीत सहज चिरडला, की वाफा तयार.

हस्ताचा पाऊस सुरू होईल तेव्हा त्यात मेथी, कोथिंबीर टाका, टोमॅटोची रोपं लावा. आणि शेजारच्या, हिरवळ न केलेल्या वाफ्यात तीच मेथी त्याच दिवशी टाका. पहिली जुडी काढाल तेव्हा दोन्हीकडची मुळं शेजारी ठेवून बघा. नमस्कार.